जुनी पिकअप घेतलीय? पहिल्या रात्रीपासून काय काय बघायचं

जुनी पिकअप दारात आली की पहिल्या रात्री तिच्याखाली पुठ्ठे अंथरा. फ्रिजच्या नाहीतर टीव्हीच्या खोक्याचे मोठे पुठ्ठे दुकानात मागितले की मिळतात. एक इंजिनखाली, एक गिअरबॉक्सखाली, एक मागच्या हाऊसिंगखाली (मागच्या ॲक्सलच्या मधला गोळा) आणि चारी चाकांच्या आतल्या बाजूला एकेक तुकडा. सकाळी चहाच्या आधी पुठ्ठे ओढून उजेडात आणा आणि एकेक डाग बोटानं चोळून, वास घेऊन बघा.

काळा, पसरट डाग म्हणजे इंजिन ऑईल. हिरवा किंवा गुलाबी, पाण्यासारखा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. गिअरबॉक्स किंवा हाऊसिंगखाली दाट, गंधकासारख्या उग्र वासाचा डाग असेल तर गिअर ऑईल. डिझेलचा वास सांगायची गरज नाही. आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, बोटाला निसरडा लागणारा डाग दिसला तर ते ब्रेक ऑईल. बाकीचे डाग चार दिवस थांबतील, पण हा शेवटचा दिसला तर गाडी त्या दिवशी दारातून हलवायची नाही.

माझी गाडी २०११ची बोलेरो पिकअप. घेतली तेव्हा पुठ्ठ्यावर चार डाग होते. त्यातल्या तिघांचा मी नीट माग काढला आणि चौथ्याकडे दुर्लक्ष केलं. त्याचं काय झालं ते ब्रेकच्या जागी सांगतो. इथं एवढंच सांगतो की जुन्या गाडीचं दुखणं आधी जमिनीवर दिसतं, मग आवाजात येतं आणि शेवटी गाडी रस्त्यात बंद पाडतं. घरच्या घरी गाडी सांभाळायची म्हणजे पहिल्या पायरीवरच त्या दुखण्याला गाठायचं.

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर आणि हे डाग लिहा. मागच्या मालकानं ऑईल, फिल्टर, बेल्ट, कूलंट कधी बदललं हे तोंडी सांगितलेलं धरू नका. बिल असेल तर ठीक, नाहीतर सगळं एकदा नव्यानं बदलायचं आणि तिथून मोजायला सुरुवात करायची. मागच्या मालकानं गाडीतून काय वाहिलं ते मात्र जरूर विचारा. कोकणातून कोल्हापुरात मासळी आणणाऱ्या गाडीच्या चासीवर बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं ठिबकलेलं असतं. खताची पोती वाहिलेल्या गाडीचा हौदा कोपऱ्यातून कुजतो. गुळाचे रवे वाहिलेल्या गाडीत फळ्यांच्या फटीत चिकटा बसतो, तो ओल धरून ठेवतो आणि खालचा पत्रा खातो. वरून नवा रंग मारलेला असला तरी हातोडीच्या दांड्यानं चासीवर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं आणि कुजलेलं बद्द वाजतं.

हत्यारं आणि गाडी उचलणं

सुरुवातीला फार खर्च करू नका. ८ ते ३२ चा गोटी पान्यांचा सेट, तेवढेच रिंग पाने, पकड, दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, फिल्टर पाना, ग्रीसची गन, मल्टिमीटर, हवा मोजायचं गेज. पुढं जमलं तर टॉर्क पाना (नट किती जोरानं आवळला ते दाखवणारा) घ्या. स्वस्तातले पाने नटाचे कोपरे गोल करतात आणि मग दोन मिनिटांचं काम वेल्डिंगपर्यंत जातं, म्हणून पाने थोडेच घ्या पण चांगले घ्या.

गाडी जॅकवर चढवायची ती सपाट, टणक जागेत. पावसाळ्यात अंगणातली तांबडी माती वरून घट्ट दिसते आणि वजन आलं की जॅक आत घेते. खाली जाड फळी टाका. जे चाक उचलणार नाही त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. मागचं चाक उचलणार असाल तर हँडब्रेकचा आधार उरत नाही हे लक्षात असू द्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या. मग उचला, चासीखाली किंवा ॲक्सलखाली लोखंडी स्टँड लावा, गाडी त्यावर टेकवा आणि हातानं जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अंग घालायचं नाही, एका नटासाठीसुद्धा नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉकही नकोत, ते न सांगता फुटतात.

ऑईल

ऑईलची पातळी बघायची असेल तर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. ऑईलची गेज पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, काढा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑईलही वाईटच.

बदलताना इंजिन गरम करून घ्या, म्हणजे ऑईल पातळ होतं आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन बाहेर येतं. खाली परात ठेवा, बूच सोडा, पंधरा मिनिटं ठिबकू द्या. बुचाचं वायसर नवीन घाला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑईल लावा, हातानं फिरवत टेकेपर्यंत घ्या आणि त्यापुढं पाऊण आटा, बास. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. जुन्या डिझेल पिकअपला सहसा १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑईल चालतं, पण किती लिटर आणि कुठल्या दर्जाचं हे गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. भरून झाल्यावर अर्धा मिनिट चालू करा, ऑईलचा दिवा विझला का बघा, बंद करा, पुन्हा पातळी बघा.

काढलेलं ऑईल बोटावर घेऊन बघायची सवय लावा. डिझेलचं ऑईल काळं असणारच, त्याची काळजी नको. त्यात चकाकणारे कण दिसले तर बेअरिंगची शंका घ्या. ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी गेलंय आणि मग गाडी चालवायची नाही.

जळकं ऑईल गटारात ओतू नका. कोल्हापूर शहरातली गटारं जयंती नाल्याला मिळतात आणि नाला पंचगंगेला. कॅनमध्ये साठवा आणि जळकं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

गिअरबॉक्स आणि हाऊसिंगचं ऑईल लोक विसरतात. बाजूचं वरचं बूच सोडून करंगळी आत घालायची. ऑईल भोकाच्या काठाला लागलं तर पातळी बरोबर. तिथंच वर एक छोटी हवेची टोपी असते, ब्रीदर म्हणतात. ती मातीनं बुजली की आतली हवा तापून फुगते आणि ऑईल सीलमधून बाहेर येतं. सील बदलण्याच्या आधी ती टोपी साफ करा. कितीतरी सील उगाच बदलले जातात.

हवा, डिझेल आणि धूर

ऊसतोडीच्या दिवसांत शेतवाटांवर धुरळा असतो. त्या चार-पाच महिन्यांत एअर फिल्टर दर पंधरवड्याला उघडून बघा. हवा मारायची ती कमी दाबानं आणि आतून बाहेर. जमिनीवर आपटायचा नाही. कागद फाटला तर धूळ सरळ इंजिनात जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासते.

डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी साठतं, पावसाळ्यात जास्त. तळाचा स्क्रू सैल करून बाटलीत थोडं डिझेल काढा. पाणी असेल तर बाटलीत खाली थर दिसतो. फिल्टर बदलला की लाइनीत हवा राहते आणि गाडी चालू होत नाही. हातपंप मारा. जुन्या साध्या पंपाच्या इंजिनाला फिल्टरवरचा हवेचा बोल्ट सैल करून, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत पंप मारायचा आणि पंप दाबलेला असतानाच बोल्ट आवळायचा.

कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच नळीतून मोठ्या दाबानं डिझेल देणारं) असेल तर इथं हात आवरा. त्या पाइपांत हजार बारच्याही वर दाब असतो. इंजिन चालू असताना नोझलचा पाइप सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते आणि बोट, हातही गमवावा लागतो. जुन्या गाड्यांवर शिकलेले लोक सवयीनं तो पाइप सोडायला सांगतात. तुम्ही सोडू नका.

धुराचा रंग वाचायला शिका. काळा असेल तर आधी एअर फिल्टर, मग नोझल. निळा म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येतो, त्याचं काही नाही, पण गाडी तापल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्या. टर्बोची गाडी घाट चढून आल्या आल्या बंद करू नका, मिनिटभर संथ चालू राहू द्या.

कूलंटचं थोडक्यात. गरम इंजिनात रेडिएटरची टोपी उघडायची नाही. बोअरचं पाणी घालायचं नाही, त्यातले क्षार आत थर धरतात. तयार कूलंट घ्या, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. होस पाइप दाबून बघा. फुगलेला, तडकलेला किंवा लिबलिबीत लागला तर बदला. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे.

ब्रेक

आता तो चौथा डाग. मागच्या डाव्या चाकाच्या आत, रुपयाएवढा. मी तो हबचं ग्रीस समजलो आणि वहीत लिहिलाही नाही. महिनाभरानं भाजी घेऊन कोकणात निघालो होतो. गगनबावडा सोडून करूळ घाट उतरताना एका वळणावर पेडल नेहमीसारखं लागलं आणि पुढच्या वळणावर पार खाली गेलं. लोड अर्धाच होता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, म्हणून पेडल पंप करत, हँडब्रेक ओढत डोंगराच्या बाजूला घासून थांबवता आली. नंतर ड्रम उघडला तर चाकातल्या ब्रेक सिलिंडरचं रबर फाटलेलं आणि लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर) ऑईलनं भिजून काळं झालेलं. तो डाग त्या पहिल्या सकाळी बोटावर घेतला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी चारी चाकं खोलतो.

बहुतेक पिकअपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. मागचं काम असं करा.

चाक काढा, हँडब्रेक सोडा. ड्रम अडकला असेल तर त्याच्या तोंडावर आटे असलेली दोन भोकं असतात का बघा. त्यांत मापाचे बोल्ट समान फिरवत गेलं की ड्रम बाहेर येतो. घण मारू नका, बीड तडकतं. आतली धूळ तोंडानं फुंकू नका आणि हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

मग सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या स्क्रू ड्रायव्हरनं हलकेच उचला. आत कोरडं असेल तर ठीक. ओलं असेल तर सिलिंडर गळतोय, बदला. लायनर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजायच्या आत बदलायचं, रिव्हेट ड्रमला लागली की ड्रमवर चर पडतात. ऑईलनं भिजलेलं लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवतात, ते करू नका. वरून कोरडं दिसतं, पण तापलं की आत मुरलेलं ऑईल पुन्हा बाहेर येतं. आणि लायनर एका बाजूचं बदललं तर दुसऱ्या बाजूचंही बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडं ओढते.

ड्रमवर चर पडलेत पण जाडी शिल्लक असेल तर लेथवर कातून मिळतो. कितीपर्यंत कातायचा ते माप बहुधा ड्रमवरच ओतलेलं असतं. या कामात कोल्हापूरकरांचं नशीब थोर आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं इथं इंजिनांची विद्या रुजवली आणि आज उद्यमनगरात ड्रम कातणं, बुश करून घेणं, गेलेले आटे नव्यानं पाडणं ही रोजची कामं आहेत. जुना भाग हातात घेऊन जा, नुसतं तोंडी माप सांगू नका.

सिलिंडर बदलला की लाइनीतली हवा काढावी लागते. दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून सहसा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक ब्रेक ऑईल असलेल्या बाटलीत बुडवा. आतला माणूस तीन-चार वेळा पेडल मारून दाबून धरेल आणि “धरलं” म्हणेल. तुम्ही निपल पाव आटा सोडा, बुडबुडे येतील, निपल आवळा आणि मग “सोड” म्हणा. निपल उघडा असताना पेडल सुटलं तर हवा पुन्हा आत जाते, म्हणून हे दोन शब्द मोठ्यानं बोलायचे. मधेमधे वरच्या डबीत ऑईल भरत राहा, ती कोरडी पडली तर सगळं पहिल्यापासून.

डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. ओल धरलेलं ऑईल घाटात तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला आणि फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. आणि काम झाल्यावर आधी दारातच पेडल बघा, मग रिकाम्या रस्त्यावर सावकाश.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचं ऐकू नका.

पाटे, ग्रीस, चाकं

ग्रीसची गन हे सगळ्यांत स्वस्त औषध. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) पिना, त्यांना चासीशी जोडणारे शॅकल आणि स्टिअरिंगच्या जोडांवर निपल दिसतील. आधी निपल पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. गिअर टाकताना किंवा ॲक्सिलेटर सोडताना खालून “टक्” असा आवाज येत असेल तर क्रॉस हातानं हलवून बघा, ढिला लागला तर बदलायची वेळ झाली.

पाट्यांचा संच कडेनं बघा. तुटलेला पाटा चिखलाखाली लपतो, म्हणून आधी धुवा. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट सैल झाले की पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल मागे-पुढे सरकतो. पाट्यांचं काम झालं की ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायचे. जास्त माल नेता यावा म्हणून पाटा वाढवून घेतात. पाटा वाढला तरी ब्रेक, ॲक्सल आणि टायर तेवढेच राहतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. मी पाटा वाढवलेला नाही आणि वाढवणारही नाही.

चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळत जा आणि ५०-१०० किलोमीटरवर पुन्हा एकदा आवळा. हवा टायर थंड असताना मोजा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली की टायर संपला. एका कडेनं झिजत असेल तर अलाइनमेंट आणि बेअरिंग बघा. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की बेअरिंगचा खेळ हाताला कळतो.

वीज

बॅटरी खोलताना आधी निगेटिव्ह काढायचं आणि जोडताना ते शेवटी जोडायचं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरडं करून वर पेट्रोलियम जेली लावा. रात्रभर उभ्या गाडीला मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनला १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. चालू गाडीतही १२च दिसत असतील तर दोष बॅटरीचा नाही, ती चार्ज करणाऱ्या डायनामोकडं जा. सेल्फ नुसता “टक” करत असेल तर नवा सेल्फ घेण्याआधी इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी साफ करा. जुन्या गाडीत ती गंजलेली असते. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नका, वायर जळते.

मिस्त्रीकडं काय न्यायचं

डिझेल पंप, नोझल, टर्बो, गिअरबॉक्स, स्टिअरिंग बॉक्स आणि चासीचं वेल्डिंग घरी करू नका. पण जाताना वही घेऊन जा. “गाडी ओढत नाही” म्हटलं तर मिस्त्री अंदाजानं सुरुवात करतो. “तिसऱ्या गिअरात चढाला काळा धूर येतो, एअर फिल्टर गेल्या आठवड्यात बदललाय” म्हटलं तर तो नेमकं तिथं हात घालतो. काढलेले भाग परत मागून घ्या आणि शक्य असेल तर शेजारी उभं राहून काम बघा. मला यातलं निम्मं असंच उभं राहून आलं.

पासिंगचं: मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दर वर्षी करावा लागतो. महिनाभर आधी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि पट्ट्या बघून घ्या. चकाकणारी पट्टी पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी.

पावसाळा आणि पूर

मे महिन्यात हौद्याच्या फळ्या उचला, खाली खरवडा, तारेच्या ब्रशनं गंज काढा, गंजरोधक प्रायमर मारा, मग रंग. फाळक्याच्या बिजागऱ्यांना ऑईल द्या. हौद्याची पाणी जायची भोकं सळईनं मोकळी करा. गगनबावडा, राधानगरीकडं फेऱ्या असतील तर आठवड्यातून एकदा चासीच्या आतल्या बाजूला पाण्याची धार मारा, तांबडा चिखल तिथं आठवडेच्या आठवडे ओला राहतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या भागात राहत असाल तर ३९ची वाट न बघता गाडी उंचावर न्या. २०१९ आणि २०२१ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं, तिथं पोचल्यावर वळायला जागा नव्हती.

आणि गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर सेल्फ मारू नका. चावीही फिरवू नका. इंजिनात पाणी असताना फिरवलं तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी काढा. एअर फिल्टर उघडा, आत पाणी किंवा गाळ दिसला तर पुढचं काम मिस्त्रीचं. कोरडा असेल तरी इंजिन, गिअरबॉक्स, हाऊसिंग तिन्ही ऑईल काढा, फिल्टर बदला, डिझेल टाकीचं तळ उपसा, ड्रम उघडून गाळ धुवा, हबचं ग्रीस नवं भरा, ब्रेक ऑईल बदला. वायरिंगचे सॉकेट एकेक उघडून वाळवा. हे सगळं होईपर्यंत, शेजारी कितीही म्हणाले “एकदा मारून तर बघा”, तरी चावी खिशातच ठेवा.